डोहाचा घास

“बाटल्या आनल्या का?”

एस.टी.तून माझा एक पाय खाली टेकतो न टेकतो तोच कौतिकाबाईंनी विचारलं. एरवी त्यांचा पहिला प्रश्न “जेवलात का?” हा असायचा, आणि मी कितीही जेवले असले तरी सुटका नसायची. त्या दिवशी त्या स्वतः फाट्यावर येऊन उभ्या होत्या. अनवाणी, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, आणि डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडून गेला होता त्याचंही भान नाही.

“आणल्यात की. का हो?”

“चला बिगीनं. मासळी वर आली. अन् लोकायनं खेमराज रहांगडालेले धरून बसवलं हाये. म्या सांगून आली, मॅडमची बस येईपर्यंत कोनी हात उचलाचा नाई म्हनून.” त्यांनी माझ्या हातातली बाटल्यांची पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. “आता तुमची बस आली.”

बस आली म्हणजे मुदत संपली, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. तोवर त्या अर्ध्या वाटेवर पोचल्या होत्या आणि मी मागून पळत होते.

मी मूळची कृष्णाकाठची. लग्नानंतर गोंदियाला आले, तिथल्या एका कॉलेजात शिकवायला लागले आणि जिल्ह्याच्या पार उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाताळबांधाच्या पाण्यावर प्रबंध लिहायला घेतला. आमच्या माहेरी याचं फार हसू व्हायचं. एवढं शिकून पोरगी तळ्यातलं पाणी मोजते म्हणे! पण पाताळबांध हे साधं तळं नव्हतं. दोन टेकड्यांमधली घळ जुन्या काळी कुणीतरी मातीच्या बांधानं अडवली होती, त्यामुळे काठापासून थोडं आत गेलं की पाय टेकायची सोय नाही आणि मधल्या डोहाचा तळ तर गावात कुणी पाहिलेला नाही. अशा खोल पाण्याच्या पोटात काय चाललंय, ते वरून अजिबात कळत नाही. मी दोरीला बाटली बांधून ती खोल सोडायची, खालचं पाणी वर आणायची आणि त्यात हवा किती आहे ते बघायची. काठावरच्या ढिवरटोल्यात, म्हणजे ढिवर मच्छीमारांच्या वस्तीत, माझं नाव ‘पानीवाल्या मॅडम’ पडलं होतं आणि ते मला माझ्या पदवीपेक्षा आवडायचं.

कौतिकाबाई मारबते ढिवरटोल्याच्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्ष. जिथे बायकांनी डोंग्यात, म्हणजे होडीत, पाय ठेवायचा नाही असा रिवाज, तिथे नवरा गेल्यावर या बाईनं डोंगा घेतला, जाळं घेतलं आणि पुढे संस्थाच हातात घेतली. गोदामाची किल्ली कायम कमरेला. कुणाला काही सांगायचं तर आधी किल्ली वाजायची, मग बाई बोलायच्या. ठेकेदारानं रिकामं करून ठेवलेलं तळं त्यांनी मासळीनं भरलं होतं. डोहात सोडलेल्या कतला आणि रोहू माशांना दोन वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता. संक्रांतीनंतर तिथे पहिलं जाळं पडायचं होतं आणि ढिवरटोल्यातली झाडून सगळी लग्नं त्या जाळ्याच्या भरवशावर ठरली होती.

बांधावर चढलो आणि आधी वास आला. सडक्या अंड्याचा. मग पाणी दिसलं. आभाळ चार दिवस भरलेलं, वारा बोचरा, आणि सबंध पाण्यावर तोंडंच तोंडं. मोठमोठे कतले पाण्याबाहेर ओठ काढून हवा गिळत होते. काही आडवे झाले होते, त्यांची पांढरी पोटं लाटेवर हलत होती. मी पाण्याचा अभ्यास करणारी बाई, पण मला रडूच आलं.

“रडू नका. पाहा,” कौतिकाबाई म्हणाल्या. “तुमाले रडाले नाई बलावलं.”

बांधाखाली संस्थेचं टिनाचं शेड होतं. तिथे सगळा टोला जमला होता आणि मधोमध वजनकाट्याच्या ओट्यावर खेमराज रहांगडाले बसला होता. वरच्या गावचा शेतकरी, काठावर त्याची वांग्याची आणि कांद्याची वाडी. अंगरखा खांद्यावर फाटलेला, चेहरा लालबुंद. त्याच्या पुढ्यात औषधाचे दोन रिकामे डबे ठेवले होते, पंचनाम्यात ठेवतात तसे. आदल्याच दिवशी त्यानं वांगी फवारली होती आणि डबे पाण्याच्या कडेला सापडले होते. त्याचं आणि टोल्याचं हाडवैर जुनंच. त्याच्या पंपात संस्थेनं सोडलेली माशांची पिल्लं ओढली जायची, म्हणून कौतिकाबाईंनी एकदा पंपाच्या तोंडाला जाळी बांधली होती, तर त्यानं जाळी कापून त्यांच्याच अंगणात आणून टाकली होती आणि वर जे बोलला ते मला कुणी कधी सांगितलं नाही. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद.

“कौतिका, आता कायची वाट?” कुणीतरी ओरडलं. “डबे तं समोर हायेत!”

“डोहाचं पानी पाहून येतो. तवर कोनी ओट्यावर चढलं तं माह्यासंग गाठ हाये.”

किल्ली वाजली. लोक गप्प झाले, पण पोरांच्या हातातल्या काठ्या काही खाली गेल्या नाहीत. गर्दीच्या टोकाला रहांगडालेची बायको एकटीच उभी होती. तिनं कौतिकाबाईंकडे जे पाहिलं, ते मला अजून आठवतं. या बाईकडून काही भलं होईल अशी आशा तिला मुळीच नव्हती.

डोंगा कौतिकाबाईंनीच वल्हवला. वाटेत त्यांनी एकदा वल्हं थांबवून कडेच्या लव्हाळ्यात हात घातला, मूठभर काहीतरी काढलं, बघितलं आणि ओल्या पदराच्या टोकाला बांधलं. डोहावर आलो. मी बाटली खाली सोडली, दोरीला झटका दिला, बाटली भरली, वर ओढली.

ही परीक्षा फार साधी. पाण्यात दोन औषधांचे थेंब टाकायचे. पाण्यात हवा असेल तर तळाशी तांबूस गाळ धरतो, भरपूर असेल तर चांगला गुळाच्या काकवीसारखा. हवा नसेल तर गाळ पांढराफटक. कौतिकाबाईंना ते इतक्यांदा बघून पाठ झालं होतं.

खोल पाण्याची बाटली पांढरी झाली. ते अपेक्षितच होतं. त्याहून वरची पांढरी झाली. मग मी हात लांब करून अगदी वरचं पाणी घेतलं, जिथे कतला ओठ उघडून आमच्याकडे बघत होता तिथलं. तेही जवळजवळ पांढरंच.

“म्हनजे?” त्या म्हणाल्या.

“तळं उलटलं, कौतिकाबाई. वर्षभर वरचं पाणी ऊबदार आणि हलकं असतं, ते खालच्या गार पाण्यावर झाकणासारखं बसतं. चार दिवसांच्या गारठ्यानं वरचंही गार झालं. वारा सुटला. झाकण निघालं आणि खालचं कुजकं पाणी वर मिसळलं.”

“खेमराजचं औषद?”

“औषधानं असं होत नाही.”

त्यांनी पदराची गाठ सोडून मला दाखवली. तळहातावर बारके झिंगे टुणटुण उड्या मारत होते. “हे जित्ते पाहून मले बी हेच वाटलं. फवाऱ्याचं पानी असतं तं आधी हे मेले असते. काल रातीपासून मन खेमराजवरच जात होतं, पन ते आपल्या सोयीचं हाये का खरं हाये, ते समजत नव्हतं. म्हनून तुमची वाट पाह्यली.” त्यांनी झिंगे परत पाण्यात सोडले. “खाली एवढं कुजलं कायनं?”

उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं.

दिवाळीनंतर त्या भागात मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. ढिवरटोल्यात त्या दिवशी डोहाला घास द्यायचा रिवाज आहे. घरटी एक मूठ नवा तांदूळ डोंग्यातून नेऊन डोहात सोडायचा आणि म्हणायचं, तू आमाले देतेस, आमी तुले देतो. आदल्या वर्षीच्या मंडईला कौतिकाबाईंनी सगळ्यांसमोर किल्ली वाजवून जाहीर केलं होतं, की मुठीनं काय होतं, डोहात आपली एवढी लेकरं वाढतात, घरटी पोतं द्या! राइस मिलमधला कोंडा, जवसाची पेंड, उरलंसुरलं धान्य, सगळं गोळा व्हायला लागलं. पुढे तो दर रविवारचा सोहळाच झाला. बायका गाणी म्हणत पोती डोंग्यात चढवायच्या आणि डोहात रिती करायच्या. मासळी खरंच दृष्ट लागण्यासारखी वाढली. पण खाऊन उरलेलं सगळं तळाशी जाऊन कुजत होतं. पितृपक्षात मी त्यांना पांढऱ्या बाटल्या दाखवून म्हटलं होतं, की खालचं खराब पाणी दर वेळी आणखी वर चढतंय, घास आवरा. त्यांनी ऐकून घेतलं होतं आणि मला आंबिलाची वाटी पुढे केली होती.

त्यांची ती अवस्था मला बघवेना. वल्हं मांडीवर आडवं टाकून त्या पाण्याकडे बघत होत्या. मी मनापासून आणि त्यांच्या प्रेमापोटी म्हटलं, “आपण लोकांना थंडीचं सांगू. गारठा, ढगाळ हवा, वारा. यात काही खोटं नाही. रहांगडालेही सुटेल, तुमच्यावरही काही येणार नाही.”

त्यांनी मान वर केली.

“थंडी तं दरसाली येते, मॅडम. दरसाली मासळी मरते का?”

त्यांनी वल्हं उचललं, पण डोंगा शेडकडे न वळवता नाल्याच्या तोंडाकडे नेला. डोंगरातून येणारा नाला तिथे तळ्याला मिळायचा. पाणी बारीक होतं, पण वाहतं होतं. आणि तिथे मासळी दाटली होती. एकावर एक, इतकी दाट, की वल्हं घालायला जागा नाही. मी बाटली भरली. औषध टाकलं. फिका का होईना, पण तांबूस रंग आला.

“हे जित्ते हायेत,” त्या एकदम सरळ बसल्या. “हे वाचतीन?”

“पाणी उडवत राहिलं, हवेतून पाडत राहिलं तर वाचतील. पण नुसत्या हातांनी नाही व्हायचं. पंप लागतील.”

“लाइट संध्याकाळशिवाय येत नाई.”

“मग डिझेलचे.”

डिझेलचे पंप त्या काठावर एकाच माणसाकडे होते आणि तो माणूस फाटक्या अंगरख्यानं वजनकाट्याच्या ओट्यावर बसला होता. कौतिकाबाई माझ्याकडे बघून चक्क हसल्या. रडण्याच्या इतक्या जवळचं हसू मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

शेडच्या अलीकडेच दुर्योधनभाऊ भेटले. हे कौतिकाबाईंचे धाकटे दीर, संस्थेचे सचिव. त्या भागात दुर्योधन नावाची बरीच माणसं भेटतात आणि बहुतेक सगळी देवभोळी असतात. हेही तसेच होते, पण हिशेबी.

“काय निघालं, वयनी?”

कौतिकाबाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. दुर्योधनभाऊंनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली घेतला.

“मंग बोलू नका. मॅडम, तुमी बी नका बोलू. पोलिसायले फोन केला हाये, ते येऊन त्याले घेऊन जातीन. चार दिवसानं सुटन बी. त्यानं आपल्याले कमी तरास देल्ला का? पन घासानं मासळी मेली म्हनान, तं टोला तुमाले उभा जाळन. लग्नं मोडतीन लोकायची. अन् देवाच्या घासाले नाव ठेवलं म्हनतीन ते येगळंच.”

“पोलीस येईपर्यंत त्या काठ्या हवेत राह्यतीन का, दुर्योधन?”

“तुमी अध्यक्ष राह्यनार नाई, वयनी.”

“नाई राह्यनार,” त्या म्हणाल्या. “पेटी धर. बाटल्या फोडू नको.”

शेडमध्ये शिरताना त्यांनी किल्ली वाजवली नाही. मुठीत घट्ट धरून ठेवली होती. सरळ ओट्यापाशी गेल्या, रहांगडालेच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “खेमराजभाऊले सोडा. त्यानं काई टाकलं नाई.”

एकच गिल्ला झाला. “मंग डबे कोनाचे?”

“डबे त्याचेच. फवारते अन् कुठीबी फेकते. त्याच्याबद्दल म्या त्याच्यासंग येगळी भांडीन. पन मासळी त्यानं नाई मारली. मॅडम, इकडे या. सगळ्यायले दिसन असं करा.”

मी पेटीवर दोन बाटल्या ठेवल्या. एक नाल्याच्या तोंडाची, ताजी भरून आणलेली, आणि एक डोहाची. वर्गात मुलांसमोर शेकडो वेळा केलेला प्रयोग, पण तिथे कुणाच्या हातात काठ्या नसतात. थेंब टाकले. एका बाटलीत तांबूस ढग उतरला. दुसरीत पांढरा.

“हे नाल्याचं पानी,” कौतिकाबाई म्हणाल्या. “लाल झालं. याच्यात दम हाये. हे डोहाचं. पांढरं. याच्यात मासळीले घ्याले दम नाई. खाली कुजलं, कुजनानं दम खाल्ला, अन् थंडीवाऱ्यानं ते पानी वर आलं.”

“कुजलं काय पन?” बयनाबाईंनी विचारलं. टोल्यातली सगळ्यात म्हातारी बाई. मंडईला पहिली मूठ तिचीच असायची.

“आपला घास, मावशी.”

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं. मी माणसांचा असा आवाज त्याआधी आणि त्यानंतर ऐकला नाही. कुणी म्हणालं, हिनं रहांगडालेचे पैसे खाल्ले. कुणी म्हणालं, देवाच्या घासाला नाव ठेवते, हिची जीभ झडेल. एकीनं तर माझ्याकडे बोट करून, या शहरातल्या बाईनंच डोहात दोऱ्या सोडून सोडून डोह बाटवला, असं ठणकावलं. लेकीचं लग्न ठरलेला एक बाप मटकन खाली बसला. बयनाबाई पुढे आल्या आणि त्यांनी कौतिकाबाईंचा दंड धरला.

“देवाचा घास कसा मारन व, कौतिके?”

“देवाचा घास मूठभर होता, मावशी. पोतं देवानं नाई मागितलं. म्या मागितलं.”

त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण शेड हळूहळू शांत झालं, कारण ऐकू येईना म्हणून लोकांना गप्प बसावं लागलं.

“मॅडमनं मले पितरायच्या टायमाले सांगतलं होतं. हेच पांढरं पानी दाखवलं होतं. म्या आइकलं नाई. मले मोठी मासळी पायजे होती. कायले? वरच्या गावाले दाखवाले. या खेमराजले दाखवाले, का पाह्य, तू आमची जाळी कापली तरी आमची मासळी तुह्या वासराएवढी झाली. तुमी पोती आनली ती माह्या हुकमानं आनली. तुमचा दोष नाई. मारायचं असन तं या काठ्या हिकडे करा. पन आधी त्या मानसाले सोडा, अन् त्याच्या बायकोले बसाले जागा द्या, कव्हाची उभी हाये.”

कुणी हललं नाही. मला वाटलं, आता पहिली काठी पडणार. पण कौतिकाबाईंना कुणाच्या हलण्याची वाट पाहायला वेळच नव्हता. त्या रहांगडालेकडे वळल्या. बोलणं बंद झाल्यापासूनचा पहिला शब्द.

“खेमराजभाऊ, तुमची इज्जत गेली ती माह्यापायी गेली. म्या काल रातीपासून गुमान पाह्यत होती, मले बी वाटलं होतं तुमीच टाकलं असन. वाटलं नाई, वाटावं असं वाटलं. त्याची माफी मांगतो. आता दुसरं मांगतो. नाल्याच्या तोंडाशी थोडी मासळी जित्ती हाये. तुमचे इंजनं पायजे. नाई म्हनसान तं तुमाले हक्क हाये.”

आणि त्या ओट्यावर वाकल्या. वयानं त्या मोठ्या, तो लहान. त्यानं घाईनं पाय मागे घेतले.

रहांगडालेनं त्या दोन बाटल्यांकडे बघितलं. फाटलेला खांदा झाकायचा प्रयत्न करत होता, पण कापड पुरत नव्हतं. शेवटी तो उठला आणि म्हणाला, “पाइप वजनी हाये. उचलाले चार मानसं द्या.”

चार-पाच जण पुढे झाले.

“तुमी नाई,” तो म्हणाला. त्यानं गर्दीवर नजर फिरवली आणि बोटानं दाखवलं. “ज्यायनं मले घरातून ओढून आनलं, ते चौघं.”

मग बयनाबाई खुदकन हसल्या आणि ते हसू शेडभर पसरलं. ते चौघं काठ्या टाकून, माना खाली घालून त्याच्या मागे निघाले. सगळ्यात पुढे त्याची बायको चालत होती, इंजिनाचं हँडल कुठे ठेवलंय ते तिलाच माहीत होतं.

दुपारपर्यंत नाल्याच्या तोंडाशी इंजिनं धडधडायला लागली. पाणी ओढायचं, पाइपातून उंच फेकायचं आणि परत तिथेच पाडायचं. बायका सुपांनी पाणी उडवत होत्या, माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून बांबूंनी झोडपत होती, पोरं नुसतीच उड्या मारत होती आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी रागावत नव्हतं. गारठ्यानं सगळ्यांचे दात वाजत होते. मी थोड्या थोड्या वेळानं बाटली भरत होते. दर वेळी टोला माझ्याभोवती गोळा व्हायचा. फिका. फिका. जरासा तांबूस. दिवस कलायला लागला तेव्हा ढग फाटले आणि एक बाटली अशी लाल उतरली, की बयनाबाईंनी ती माझ्या हातातून घेऊन सूर्याकडे धरली आणि सगळ्यांना फिरवून दाखवली. पाण्याबाहेर निघालेले ओठ एकेक करून खाली गेले. ते दिसेनासे झाले म्हणून माणसं आनंदानं रडत होती.

डोहातली मासळी गेली ती गेलीच. त्या वर्षी टोल्यातली बरीच लग्नं पुढे ढकलली गेली आणि दोन तर मोडली. कौतिकाबाईंनी त्याच संध्याकाळी कमरेची किल्ली काढून ओट्यावर ठेवली. “नका ठेवू” असं कुणीही म्हटलं नाही. ती दुर्योधनभाऊंनी उचलली. काही घरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, ते कायमचं. त्या पुन्हा डोंगा वल्हवायला लागल्या आणि मला दर आठवड्याला विचारायला लागल्या, “जेवलात का?” नाल्याच्या तोंडाशी वाचलेल्या मासळीपासूनच पुढे डोह पुन्हा भरला, पण त्याचं श्रेय त्यांना कुणी दिलं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही. पुढच्या मंडईला त्यांनी टोल्याकडे एकच गोष्ट मागितली. घास देण्याआधी काय झालं ते दरसाल मोठ्यानं सांगायचं. नावानिशी.

पुढे माझी बदली झाली, प्रबंध झाला, केस पांढरे झाले. कौतिकाबाई गेल्या तेव्हा मी परगावी होते. गेल्या दिवाळीनंतर मात्र मुद्दाम मंडईला गेले. पाण्याला वास नव्हता. डोंग्यातून डोहावर गेले तेव्हा टोल्याची सगळी माणसं मुठी आवळून बसलेली होती. संस्थेची आताची अध्यक्ष एक तरुण मुलगी आहे. त्या दिवसानंतर जन्मलेली. ती डोंग्यात उभी राहिली आणि शाळेत प्रार्थना म्हणावी तशी स्वच्छ आवाजात म्हणाली,

“आइका हो. कौतिका मारबतेनं डोहाले जास्त चारलं. मासळी मेली. म्हनून एक मूठ, जास्त नाई.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढंच? त्या बाईचं एवढंच उरलं? मी तोंड उघडणार होते. शेवटी मीही त्या दिवसाची साक्षीदार, गप्प कशी बसू?

तेवढ्यात शेजारच्या डोंग्यातून एक म्हातारा काठीचा आधार घेत उठला. वरच्या गावचा माणूस, ढिवरांच्या डोंग्यात. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. खेमराज रहांगडालेला मी त्याच्या आवाजावरून ओळखलं.

“अन् तिनंच सांगतलं,” तो म्हणाला.

“अन् तिनंच सांगतलं,” सगळे डोंगे एका आवाजात म्हणाले, आणि मुठी उघडल्या.